ओठांवर बोट ठेवणारा मदन

1767 साली पॅरिसमधल्या एका दरबारी सरदाराने गाब्रिएल-फ्रांस्वा द्वायें या चित्रकाराला बोलावून घेतलं. द्वायेंचं त्या दिवसांत शहरभर नाव झालं होतं. रोगाने होरपळणाऱ्या पॅरिसकरांना संत जेनव्हिएव्ह वाचवते आहे, असं त्याचं भलंमोठं धार्मिक चित्र त्या वर्षीच्या सलोंमध्ये, म्हणजे राजाश्रयाने भरणाऱ्या प्रदर्शनात, लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. सरदार आपल्या खासगी बंगलीत प्रेयसीसोबत बसला होता. त्याने चित्रकाराची तोंडभरून स्तुती केली आणि मग मुद्द्यावर आला. म्हणाला, हिला झोक्यावर बसलेली दाखवा, झोका एक बिशप देत असू दे, आणि मला अशा जागी ठेवा की हिचे पाय मला दिसतील. चित्र आणखी खुलवायचं असेल तर त्याहून जास्त दिसलं तरी चालेल.

संतांची चित्रं काढणारा माणूस गांगरणारच. पण द्वायेंही त्याच काळाचा रहिवासी होता. सावरल्यावर त्याने स्वतःहून भर घातली: बाईसाहेबांच्या सपाता हवेत उडताना दाखवाव्यात आणि छोट्या मदनांनी त्या वरच्या वर धराव्यात. काम मात्र त्याने अंगावर घेतलं नाही, ज्यां-ऑनोरे फ्रॅगोनारचं नाव सुचवलं, आणि फ्रॅगोनारने ‘झोका’ हे चित्र काढलं. पुढे ही हकीकत द्वायेंने नाटककार शार्ल कोलेला सांगितली आणि कोलेने ती आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली. सरदाराचं नाव त्याने लिहिलं नाही. प्रेयसीचंही नाही. तिच्या समोर तिच्या पायांविषयी दोन पुरुषांची बोलणी झाली, आणि त्या बोलण्यात ती काय म्हणाली, काही म्हणाली का, याची कुठेच नोंद नाही. हे चित्र मी जेव्हा जेव्हा पाहते तेव्हा त्या खोलीत बसलेली ती बाई आधी आठवते.

चित्र आज लंडनमध्ये आहे, मँचेस्टर स्क्वेअरमधल्या वॉलेस कलेक्शनमध्ये. छापील प्रतींवरून मी त्याला भव्य समजत होते. प्रत्यक्षात ते 81 सेंटिमीटर उंच आणि 64 सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे दिवाणखान्यात पाहुण्यांना दिपवायला काढलेलं नाहीच, एका माणसाने आपल्या खोलीत, फार तर दोन-चार जिवलगांसोबत, जवळ जाऊन पाहावं म्हणून काढलेलं. सलोंमध्ये ते कधी लागलं नाही. 2021 साली त्यावरचं जुनं वार्निश काढून ते स्वच्छ केलं गेलं, तेव्हापासून त्यातला गुलाबी रंग फारच टवटवीत दिसतो.

आणि तो गुलाबी रंगच सगळं चित्र पेलून धरतो. भोवती निळसर हिरवी झाडी, इतकी दाट आणि फेसाळ की पानं कुठे संपतात आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नाही. त्या हिरव्याच्या ऐन मध्यावर झोका पुढे आलेला, त्यावर लाल मखमली गादी, आणि घेरदार गुलाबी झग्यात ती. उजवीकडे सावलीत एक वयस्क गृहस्थ दगडी बाकावर बसून दोऱ्या ओढतो आहे. बिशप काही फ्रॅगोनारने ठेवला नाही. डावीकडे खाली गुलाबांच्या झुडपात एक तरुण रेलून पडला आहे, हात लांब करून टोपी पुढे धरलेली, चेहरा वर. त्या काळी बायका घागऱ्याच्या आत चड्डीसारखं काही घालत नसत, एवढं सांगितलं की तो तरुण का लालबुंद झाला आहे आणि त्याने नेमकी तीच जागा का निवडली हे वेगळं समजावावं लागत नाही. त्याची पुढे केलेली टोपी ही पुरुषाच्या आवेगाची खूण, हेही तेव्हाच्या रसिकांना ठाऊक होतं. म्हाताऱ्याच्या पुढ्यात एक छोटा पांढरा कुत्रा भुंकतो आहे. युरोपीय चित्रांत कुत्रा निष्ठेचा राखणदार. इथे तो जिवाच्या आकांताने सावध करतो आहे आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नाही.

तिच्या एका पायातली सपाता सुटली आहे. हवेत गिरकी घेत ती वर चालली आहे, आणि जिथे चालली आहे तिथे मदनाचा पुतळा आहे, ओठांवर बोट ठेवलेला. चूप, कुणाला सांगू नका.

हा पुतळा फ्रॅगोनारने मनाने रचलेला नाही. एतिएन-मोरिस फाल्कोने या शिल्पकाराने राजा पंधराव्या लुईची सखी मादाम द पाँपादूर हिच्यासाठी तो घडवला होता, आणि 1757 च्या सलोंमध्ये तो मांडला गेला होता. मूळ शिल्पात मदन एका हाताने ओठांवर बोट ठेवतो आणि दुसऱ्या हाताने गुपचूप भात्यातला बाण काढतो. लोकांना तो इतका आवडला की सेव्हरच्या चिनीमातीच्या कारखान्यात त्याच्या छोट्या पांढऱ्या प्रती निघू लागल्या आणि श्रीमंतांच्या घरोघरी पोचल्या. म्हणजे फ्रॅगोनारच्या चित्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या पुतळ्याचा दुसरा हातही आठवत होता. ओठांवरचं बोट म्हणजे मौन एवढंच नाही, बाण निघतो आहे, असंही तो पुतळा सांगत होता.

मदनाचं बोट कुणासाठी आहे? झुडपातल्या तरुणाला बोलून काहीच मिळवायचं नाही. म्हाताऱ्याला तो पुतळा दाखवतोय असंही वाटत नाही. चित्रातल्या सगळ्या गोष्टी एका वेळी दिसतात ते फक्त आपल्याला. तरुण कुठे लपला आहे, म्हाताऱ्याला काय दिसत नाही, कुत्रा का भुंकतो, सपाता कुणाच्या दिशेने उडाली, हे सगळं जाणणारा एकच माणूस आहे आणि तो चौकटीच्या बाहेर उभा आहे. गप्प राहा, असं त्यालाच सांगितलं जातंय. अठराव्या शतकातल्या या फ्रेंच चित्रांत दडलेले अर्थ पुष्कळ आहेत, पण ते दडवायचे म्हणून दडवलेले नाहीत. ओळखणाऱ्याने ओळखावे आणि ओळखताक्षणी त्या कटात सामील व्हावं, यासाठी ते आहेत. अर्थ कळला की आपण तटस्थ राहत नाही.

मला या चित्रात सगळ्यात मोलाचा वाटतो तो फ्रॅगोनारने केलेला एक बारीकसा बदल. द्वायेंच्या कल्पनेत सपाता हवेत होत्या आणि मदन त्या धरून ठेवणार होते. म्हणजे बाईच्या पायातून काहीतरी सुटावं आणि देवतांनी ते सावरावं, ती स्वतः नुसती बसलेली. फ्रॅगोनारने मदनांना दगडाचं करून टाकलं. दोन कोवळी दगडी बाळं म्हाताऱ्याशेजारी खाली आहेत, एक वर पुतळा म्हणून उभा आहे. सपाता झेलायला कुणीच नाही. ती तिने स्वतः, पायाला झटका देऊन, भिरकावली आहे. सरदाराला तिचे पाय पाहायचे होते. फ्रॅगोनारने ते दाखवले, करार पाळला, पण त्या पायाला हालचाल दिली, इच्छा दिली. झोक्याच्या दोऱ्या म्हाताऱ्याच्या हातात आहेत, नजर तरुणाच्या डोळ्यांत आहे, तरी त्या बागेत त्या क्षणी काही घडवून आणलं असेल तर ते तिने. पैसे मोजणाऱ्याने चित्रात स्वतःसाठी मोक्याची जागा मागितली होती आणि त्याला ती मिळाली, जमिनीवर पाठ टेकून.

काहींना हे माझं मनाचं समाधान वाटेल. पुरुषाने पुरुषाच्या फर्माइशीवरून पुरुषाच्या डोळ्यांसाठी काढलेलं चित्र, त्यात बाईची मर्जी कुठून शोधायची? हा आक्षेप मला पटतो, आणि तरीही सपाता मला तिच्याच पायाने उडालेली दिसते. ब्रिटिश-नायजेरियन कलावंत यिंका शोनिबारे यांनी 2001 साली या चित्रावरून एक शिल्परचना केली. तीत झोक्यावरची बाई आहे, हवेतली सपाता आहे, झाडाच्या फांद्या आहेत. तिचा झगा आफ्रिकेत खपणाऱ्या डच छपाईच्या भडक कापडाचा आहे आणि तिला मस्तक नाही. दोन्ही पुरुष गाळले आहेत. पाहायला येणारा माणूस आपसूकच झुडपातल्या तरुणाच्या जागी जाऊन उभा राहतो. फ्रॅगोनारच्या चित्रात जी गोष्ट मदनाचं बोट हळूच सांगतं, ती इथे पायांखालच्या फरशीने सांगितली आहे. मस्तक का नाही, याचं उत्तर फ्रान्सच्या इतिहासात आहे. मूळ चित्राचा पहिला नोंदलेला मालक, मेनाज द प्रेसिन्यी, याला राज्यक्रांतीत, 1794 साली, गिलोटिनवर म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर चढवलं गेलं.

या लाडिक भाषेची सुरुवात फ्रॅगोनारच्या आधीची आहे. चित्रकार आंत्वान वातोने 1717 मध्ये राजाच्या चित्रकला अकादमीला दिलेलं सितेरा बेटाचं चित्र तिचा उगम मानता येईल. प्रेमदेवता व्हीनसच्या गुलाबांनी मढवलेल्या पुतळ्यापासून प्रेमिकांच्या जोड्या नावेकडे निघाल्या आहेत: एक जोडी अजून बसलेली, दुसरी उठणारी, तिसरी चालू लागलेली, आणि त्या तिसऱ्या जोडीतली स्त्री मागे वळून पाहते आहे. ही मंडळी प्रेमाच्या बेटाकडे निघाली आहेत की तिथून परतत आहेत, यावर अभ्यासकांचे वाद झाले. मला ती परतणारी वाटतात, त्या वळलेल्या मानेमुळे. वातो छत्तिसाव्या वर्षी वारला. त्याच्या चित्रांतला उदासपणा पुढच्या पिढीने बाजूला ठेवला आणि खेळकरपणा तेवढा उचलला.

फ्रांस्वा बुशेने तर त्या खेळकरपणाची बागच फुलवली. रेशमी कपड्यांतले मेंढपाळ, धुतल्यासारख्या स्वच्छ मेंढ्या, फुलांच्या परड्या. त्याच्या 1747 च्या एका चित्रात, ते आता शिकागोत आहे, गुराखी मुलगा आणि मुलगी एकमेकांना द्राक्षं भरवत आहेत, आणि चित्राचं नावच एक प्रश्न आहे: त्यांच्या मनात द्राक्षंच आहेत का? नावातच डोळा मिचकावला की प्रेक्षकाला अर्थ शोधायचे कष्ट उरत नाहीत. पिंजरा उघडा आहे की बंद, पक्षी आत की बाहेर, अंडं फुटलं आहे का, घड्याला तडा गेला आहे का, एवढं बघितलं की मुलीच्या कौमार्याची बातमी कळायची. यातल्या बऱ्याच खुणा आदल्या शतकातल्या डच चित्रांतून आलेल्या, आणि डच चित्रं पॅरिसच्या संग्राहकांकडे भरपूर होती. तत्त्वज्ञ आणि कलासमीक्षक दिदरोने बुशेबद्दल लिहिलं की या माणसाकडे सत्य सोडून सगळं आहे. मला बुशे त्याहून जास्त आवडतो, पण फार वेळ नाही. पाचव्या-सहाव्या मेंढपाळापाशी डोळे मिटायला लागतात.

ग्रोझपाशी मात्र डोळे मिटत नाहीत, आणि तिथेच माझ्या मनातला आनंद गढूळ होतो.

ज्यां-बातिस्त ग्रोझ हा बुशेच्या उलट टोकाचा, नीतीचा चित्रकार म्हणून गाजलेला. शेतकऱ्यांची घरं, म्हातारे बाप, अश्रू. 1765 च्या सलोंमध्ये त्याने एक छोटं चित्र लावलं: मेलेल्या पाखरावर रडणारी मुलगी. हाताने गाल टेकलेला, पिंजऱ्यावर उताणं पडलेलं पाखरू. दिदरोने त्यावर पानंच्या पानं लिहिली. तो चित्रातल्या मुलीशी बोलायला बसतो, तिची समजूत काढतो, आणि समजूत काढता काढता तिच्याकडून गोष्ट वदवून घेतो: आई घरी नव्हती, तो आला, त्याने शपथा घेतल्या, तो गेला, आणि या सगळ्यात पाखराकडे पाहायचं राहून गेलं. मग तो वाचकाकडे वळून म्हणतो की ही पाखरासाठी रडते आहे असं समजणाऱ्यांना चित्र कळलंच नाही. इथपर्यंत त्याच्या बुद्धीचं कौतुक करावं. पण तो पुढे असंही लिहितो की दुःख द्यायला मला आवडत नाही, तरी हिच्या दुःखाचं कारण व्हायला मला फारशी हरकत नाही. आणि तिच्या वयाचा अंदाज बांधत बसतो. चेहरा पंधरा-सोळाचा, हात अठरा-एकोणीसचा.

दिदरो माझ्या फार आवडीचा लेखक आहे. म्हणूनच ते वाक्य वाचताना मला राग येतो. रडणारी पोर समोर आहे, तिचं काय हरवलं हे ज्याला सगळ्यांत आधी कळलं तो माणूस तिच्या दुःखाशी न थांबता त्या जागी आपण असतो तर, याची चव घेतो. आणि चित्र त्याला तसं करू देतं. करू देतं एवढंच नाही, बोलावतं. मेलेलं पाखरू ही खूण चित्रकार आणि प्रेक्षक यांच्यात चाललेल्या बोलण्याची आहे. मुलीच्या डोक्यावरून दोघं एकमेकांना इशारा करतात आणि मुलीला त्याचा पत्ता नाही. झोक्यावरची बाई त्या गुपितात पुरेपूर सामील आहे, किंबहुना गुपित तिचंच आहे. ग्रोझच्या मुलीचं गुपित तिच्याकडून काढून घेऊन भिंतीवर लावलं आहे.

फुटक्या घड्याची ग्रोझची मुलगी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, 1771 च्या सुमाराची. पांढऱ्या कपड्यांत, कारंज्याशी उभी, दंडावर तडा गेलेली घागर, चोळी सरकलेली, ओच्यात फुलं घट्ट धरलेली. लोकांना तिचे टपोरे डोळे आवडतात. मी पाहते ते तिचे हात. दोन्ही हातांनी ती झग्याचा घोळ ओटीपोटाशी आवळून धरून आहे, सांडून गेलेलं काहीतरी अजून धरता येईल अशा आशेने. तिच्या पाठीमागे सिंहमुखी कारंजं आहे, तेही काही बोलत नाही. हे चित्र मादाम द्यु बारीच्या मालकीचं होतं. राजाची शेवटची सखी होण्याआधी त्या बाईने पॅरिसमध्ये जे दिवस काढले ते पाहता, ही मुलगी तिला फक्त सुंदर दिसत असेल असं मला वाटत नाही. पण हा माझा तर्क.

ओशाळवाणं हे, की फ्रॅगोनारनेही अशी वाट धरलेली आहे. लूव्रमध्येच त्याचं 1777-78 च्या सुमाराचं ‘कडी’ नावाचं चित्र आहे. अर्धवट कपड्यांतला तरुण एका हाताने बाईला कवेत धरून दुसऱ्या हाताची बोटं दाराच्या उंच कडीपर्यंत ताणतो. सोनेरी रेशमातली ती मागे झुकली आहे, तिचा हात त्याच्या चेहऱ्याला दूर लोटतो आहे. डावीकडची अर्धी जागा पलंगाने आणि त्याच्या लाल पडद्यांनी व्यापली आहे, आणि पलंगाशेजारच्या मेजावर एक सफरचंद. कडीपासून सफरचंदापर्यंत प्रकाशाची तिरकी रेघ जाते. ज्या मार्की द वेरीने हे चित्र काढवून घेतलं, त्याच्याकडे फ्रॅगोनारचंच बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मेंढपाळांचं चित्र होतं, आणि हे त्याची जोडी म्हणून होतं. एका बाजूला एव्हेचं पाप, दुसऱ्या बाजूला तारणहार. पुस्तकी अर्थात हे नीट बसतं. मला ते बसवून घेता येत नाही. तो लोटणारा हात पाहिल्यावर सफरचंद मला पाप म्हणून वाचता येत नाही, सबब म्हणून दिसतं. खुणेला एक शक्ती असते की ती अंगावर आलेल्या प्रसंगाला गोष्ट करून टाकते, जुनी, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. आणि जुन्या गोष्टीत कुणी कुणाला काही विचारत नाही.

एकाच हाताने ही दोन्ही चित्रं काढली, दहा वर्षांच्या अंतराने. मधल्या काळात त्याने मादाम द्यु बारीच्या लूव्हसियेनमधल्या नव्या महालासाठी प्रेमाच्या अवस्थांची चार मोठी चित्रं केली: पाठलाग, भेट, मुकुट घालणं, जुनी पत्रं वाचत बसणं. पाठलागापासून मैत्रीपर्यंतचा तो प्रवास आहे. शेवटच्या चित्रात दोघं जण पत्रं चाळताहेत आणि शेजारी कुत्रा शांत बसला आहे. झोक्याखाली भुंकणाऱ्या कुत्र्याला इथे कुणीतरी ऐकून घेतलं. बाईंनी चित्रं परत केली. तोवर आवड बदलली होती, ग्रीक-रोमन साधेपणा हवा होता, आणि त्यांच्या जागी व्हिएँ या चित्रकाराची चित्रं लागली. फ्रॅगोनारने 1790 मध्ये आपल्या जन्मगावी, ग्रासला जाताना ती बरोबर नेली आणि चुलत भावाच्या घरी लावली. आज ती न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनमध्ये आहेत. 1806 साली तो वारला तेव्हा त्याची चित्रकला केव्हाच मागे पडली होती.

फ्रॅगोनारच्या घरात आणखी एक चित्रकार राहत होती. मार्गरित जेरार, त्याच्या बायकोची धाकटी बहीण, 1775 च्या सुमारास ग्रासहून पॅरिसला आली आणि त्याच्याच हाताखाली शिकली. क्रांतीनंतर सलोंचे दरवाजे बायकांना मोकळे झाले आणि 1799 पासून ती तिथे चित्रं लावत राहिली. तिने लग्न केलं नाही, आपल्या कमाईवर जगली. तिच्या चित्रांत तेच सामान आहे जे तिच्या मेव्हण्याच्या चित्रांत होतं: रेशीम, पाळीव प्राणी, पत्रं, एकमेकींच्या कानाशी लागणाऱ्या बायका. पण झुडपात लपून पाहणारा तरुण सहसा नाही, आणि त्याची जागा आपल्याला देऊ केलेली नाही. 1804 च्या ‘वाईट बातमी’ या चित्रात पत्र वाचून एक बाई शुद्ध हरपून पडली आहे आणि दुसरी तिला सावरते आहे. पत्रात काय आहे ते कुठल्याही पाखरावरून, घड्यावरून, सफरचंदावरून ओळखता येत नाही. जेरारने ते आपल्याला कळवणं गरजेचं मानलं नाही. माझ्या मते तिच्या घराण्याच्या चित्रकलेला मिळालेलं ते सगळ्यांत नेमकं उत्तर आहे, आणि तिच्यावर अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.